चर्चच्या स्वयंपाकघरात पँथर

(युवक शिबिरात केलेलं भाषण)



मी वक्ता नाही. गोदीत माल उचलतो आणि कविता लिहितो. शिक्षण दहावी पास, पुढचं सगळं ठेकेदाराच्या हजेरीवहीत शिकलो. शिबिराच्या पत्रकात माझ्या नावापुढं ‘विद्रोही कविता आणि कामगार’ असं छापलंय. त्या विषयावर बोलणारे दर शिबिरात बोलतात, टाळ्या पडतात, मग चहा होतो. मला आज एका चर्चविषयी बोलायचंय. खरं म्हणजे दोन चर्चविषयी.

बघा, मागच्या रांगेत लगेच कुजबुज सुरू झाली. घाबरू नका, मी गळ्यात क्रूस घालून आलेलो नाही. माझ्या पणजीनं १९५६ साली देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. ती टोपली रिकामी आहे आणि रिकामीच राहणार. पण रिकाम्या टोपलीचा नुसता अभिमान मिरवून भागतं का, हा माझा आजचा प्रश्न आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीच्या खाली, रेल्वेच्या भिंतीला लागून पंधरा-वीस पालं पडली होती. नाक्यावरची माणसं. सकाळी नाक्यावर उभं राहायचं, मुकादम नेईल तिकडं बिगारी करायची. काही मराठवाड्यातली, काही बिहारकडची. जुलैत एका दुपारी तोडायला गाडी आली. प्लास्टिक, बांबू, भांडी, पोरांची दप्तरंसुद्धा गाडीत गेली. रात्री पाऊस लागला. साडेदहाच्या सुमाराला एक बाई दोन पोरं आणि म्हातारी सासू घेऊन आमच्या विहाराच्या दारात आली. मागं आणखी चार-पाच घरं होती, ती पुढं यायला बिचकत होती. विहाराची किल्ली माझ्याकडं असते. मी युवक मंडळाचा सेक्रेटरी.

“दादा, रातभर बसू द्या. सकाळी जातो.”

“कुठल्या तुम्ही?”

“परभनीकडल्या.”

आता पुढचा प्रश्न माझ्या तोंडात आला. तुमच्यातल्या कितीजणांच्या तोंडात आला असता ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तो विचारला. “समाज कोणता?”

माझ्या पाठीमागं बाबासाहेबांची तसबीर. बाजूला बुद्धाची मूर्ती, वर्गणी काढून आणलेली. आणि जो प्रश्न ऐकून माझ्या आज्याला गावातल्या विहिरीवरून हाकललं होतं, तोच मी त्या बाईला विचारत होतो, आपल्या बोलीत, अगदी सभ्यपणे. तिनं उत्तर दिलं नाही. पोराला काखेत वर सरकवलं आणि वळली. ती आठ-दहा पावलं गेल्यावर मी मागून ओरडलो, “कमिटीला विचारावं लागंल!” कमिटी म्हणजे कोण? सात माणसं. त्यातला एक मी. आणि किल्ली माझ्या खिशात.

धक्क्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक जुनं चर्च आहे. नाव सांगत नाही. ही माणसं तिथं गेली. वॉचमननं फाटक उघडलं, फादर बनियनवर खाली आले, आणि हॉलमधल्या लग्नाच्या खुर्च्या सरकवून सतरंज्या पसरल्या. समाज कोणता हे कुणी विचारलं नाही म्हणतात. अकरा दिवस ती घरं तिथं राहिली.

हे मला दुसऱ्या दिवशी गोदीत कळलं. रविवारी माझी पाळी नव्हती. मी त्या चर्चमध्ये जाऊन मागं खांबाला टेकून उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा. मिस्सा मराठीत होती. फादरांनी प्रवचनात बायबलमधली एक गोष्ट घेतली. जोसेफ सुतार, त्याची बायको आणि तान्हं पोर. राजा पोरं मारत सुटलाय म्हणून रातोरात गाव सोडून मिसर देशाला पळालेले. फादर म्हणाले, या सुताराकडं आधार कार्ड नव्हतं, भाड्याचा करार नव्हता, आणि तिकडची भाषाही येत नव्हती. मग त्यांनी समोरच्या लोकांकडं बोट केलं. तुमचे आजोबा गोव्याहून जहाजावर नोकरी शोधायला मुंबईत आले तेव्हा कुठं उतरले? गावाच्या नावानं काढलेल्या कूडात. एका खोलीत वीस-वीस खलाशी, प्रत्येकाची एक पेटी, आणि भिंतीवर एक देव्हारा. आज तुमची मुलं आखातात आहेत, तिथं कुणीतरी त्यांना दार उघडावं म्हणून तुम्ही मेणबत्त्या लावता. मग आपल्या हॉलमधल्या माणसांचा वास का येतो?

सगळ्यांना ते आवडलं असं नाही. मिस्सा सुटल्यावर एक बाई फादरांना म्हणाली, संडास तुंबलेत, कोण धुणार? फादर म्हणाले, आज मी, उद्या तुमचे मिस्टर. ती रागानं गेली. मला ते बरं वाटलं. सगळेच हसतमुख असते तर मी हे नाटक समजलो असतो.

त्या रात्रीवर मी कविता लिहून बघितली. ती खोटी उतरली, कारण कवितेत मी दार उघडत होतो. फाडून टाकली.

आता दुसरं चर्च. मध्यंतरी आपल्या अंकासाठी ‘पँथर’ या नावावर काहीतरी लिही असं मला संपादकांनी सांगितलं. १९७२ साली मुंबईतल्या आपल्या माणसांनी हे नाव जिथून उचललं, ते ओकलंड शहर. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं. मला माहिती काय? काळं जाकीट, तिरकी टोपी, हातात बंदूक. भिंतीवर लावायला झकास. मग मी फोनवर इंग्रजी वाचायला बसलो. माझं इंग्रजी दहावीपुरतं, एका पानाला एक रात्र. आणि वाचता वाचता काय निघालं, तर हे पँथर जानेवारी १९६९ मध्ये पहाटे उठून एका चर्चच्या स्वयंपाकघरात अंडी फोडत होते!

चर्चचं नाव सेंट ऑगस्टीन. २७वा रस्ता आणि वेस्ट स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर. एपिस्कोपल पंथाचं, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या घराण्यातलं, पण वस्ती काळ्यांची आणि पाळकही काळा. फादर अर्ल नील. ते सांगण्याआधी ही वस्ती तिथं आली कुठून हे सांगितलं पाहिजे, नाहीतर अंड्यांचा अर्थ लागणार नाही.

१९४० साली ओकलंडमध्ये काळी माणसं साडेआठ हजारांच्या आत होती. दहा वर्षांत साडेसत्तेचाळीस हजारांवर गेली. कारण महायुद्ध. जहाजं बांधायला आणि भरायला हात पाहिजे होते. लुइझियाना, टेक्सस, आर्कान्सा इथून आगगाड्या भरून माणसं आली. कापसाच्या शेतावर मालकाच्या कर्जात जन्म गेलेली. आपल्याकडं बीड-परभणीची ऊसतोडीची टोळी मुकादमाच्या उचलीत अडकते, तसंच समजा. जहाजाच्या कारखान्यात काम मिळालं, पण बॉयलरमेकर्सच्या युनियननं काळ्यांसाठी वेगळी शाखा काढली. वर्गणी तेवढीच, पण मत देता येत नाही. घर पाहिजे तर गोऱ्यांच्या मोहल्ल्यात करारातच लिहिलेलं, काळ्याला विकायचं नाही. म्हणून सगळे पश्चिम ओकलंडमध्ये, रेल्वे आणि बंदराच्या धुरात, एकावर एक. युद्ध संपलं, कारखाने बंद झाले, माणसं तिथंच उरली. मग पन्नाशीच्या दशकात त्यांच्याच घरांवरून दुमजली हमरस्ता नेला.

जरा थांबून एक गोष्ट सांगतो. गोदीतल्या माणसाला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १४ एप्रिल १९४४, बाबासाहेबांचा त्रेपन्नावा वाढदिवस. त्या दिवशी दुपारी आमच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं. पोटात दारूगोळा आणि कापूस शेजारी शेजारी. शेकडो माणसं गेली, त्यात माल उचलणारे किती ते कुणी नीट मोजलं नाही. त्याच वर्षी १७ जुलैला, ओकलंडपासून थोड्या अंतरावर पोर्ट शिकागो नावाच्या धक्क्यावर दारूगोळा भरताना जहाज फुटलं. ३२० मेले. त्यातले २०२ काळे, कारण तिथं गोळे उचलायला काळेच लावले होते आणि हुकूम द्यायला गोरे. वाचलेल्यांना थोड्या दिवसांनी पुन्हा तेच काम सांगितलं. त्यांनी नाही म्हटलं. पन्नास जणांवर बंडाचा खटला भरून शिक्षा केली. ती शिक्षा चुकीची होती हे अमेरिकेच्या नौदलानं कबूल केलं १७ जुलै २०२४ ला, बरोबर ऐंशी वर्षांनी. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. उठून पाणी प्यायलो.

तर अशी ही वस्ती. आणि ऐका, आधीपासून ओकलंडमध्ये राहणारी काळी माणसं या नवीन काळ्यांना नाकं मुरडत होती! हे खेडवळ, मोठ्यानं बोलतात, यांच्यामुळं आपली इज्जत गेली. जुन्यांतल्या बऱ्याच जणांनी रेल्वेत पोर्टर म्हणून राबून, युनियन बांधून, चार खोल्या मिळवल्या होत्या. त्यांना वाटायचं, आपण कष्टानं मिळवलं त्यात हे वाटेकरी. मला माझा आवाज ऐकू आला. समाज कोणता?

मग नवीन आलेल्या बायांनी काय केलं? जुन्या चर्चमध्ये अवघडल्यासारखं व्हायचं म्हणून एकमेकींच्या खोल्यांत प्रार्थना सुरू केली. पुढं बंद पडलेल्या दुकानांचे गाळे घेऊन त्यांतच चर्च काढली. तिथं उपदेशक एक वाक्य बोलतो आणि समोरून बाया ‘आमेन’ म्हणून ते उचलून धरतात, आपल्या जलशात कोरस उचलतो तसं. गोष्ट कुठली? इजिप्तच्या गुलामीतून निघालेल्या लोकांची. त्यांना ती जुनी गोष्ट वाटत नव्हती, परवाच्या आगगाडीची वाटत होती. आणि प्रार्थना झाली की कुणाकडं खोली रिकामी आहे, कुठं धुणंभांड्याचं काम आहे, कुणाचं पोर आजारी आहे, हे तिथंच ठरायचं. ह्यूई न्यूटन या घरांतलाच. लुइझियानात जन्मला, १९४५ मध्ये तीन वर्षांचा असताना आईबापाबरोबर ओकलंडला आला. बाप बाप्टिस्ट उपदेशक. बॉबी सील टेक्ससहून आलेल्या सुताराचा पोरगा. या दोघांनी १९६६ च्या ऑक्टोबरात ब्लॅक पँथर पार्टी काढली. म्हणजे आपण ज्यांचं नाव घेतलं ते पँथर स्थलांतरितांची पोरं होती. हे आपल्या पोस्टरवर कुठं आहे?

आता सेंट ऑगस्टीन. पँथरना पोरांना शाळेआधी न्याहारी द्यायची होती. कारण साधं: उपाशी पोराला फळ्यावरचं दिसत नाही. हे मला कुणी शिकवायला नको. न्यूटन तेव्हा तुरुंगात होता. सीलनं आणि फादर नीलनं ठरवलं, चर्चचं स्वयंपाकघर आहे, हॉल आहे, टेबलं आहेत. त्याच चर्चची एक सभासद रूथ बेकफर्ड, पोरांना नाच शिकवणारी नामांकित बाई, तिनं आयांना गोळा केलं. पोषणाचं जाणणाऱ्यांना विचारून काय द्यायचं ते ठरवलं. दुकानदारांकडून सामान मागून आणलं. पहिल्या दिवशी पोरं आली अकरा. आठवड्याच्या शेवटी एकशे पस्तीस.

मित्रहो, या आकड्यावर मी बराच वेळ थांबलो. अकरा. पहिल्या दिवशी अकराच आली म्हणून त्यांनी सभा घेऊन जनता अजून जागृत नाही असा ठराव केला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे उठले.

वर्षभरात हे काम अमेरिकेतल्या शहराशहरांत पसरलं, पुष्कळ ठिकाणी चर्चच्या हॉलमध्येच. आणि सरकार कशाला घाबरलं ते बघा. एफबीआयचा प्रमुख हूव्हर यानं मे १९६९ मध्ये आपल्या माणसांना लिहून कळवलं की पँथरचं सगळ्यात परिणामकारक आणि म्हणून सगळ्यात धोक्याचं काम म्हणजे ही न्याहारी. बंदुकीवाल्या पँथरला मारणं सोपं, पण ज्याच्या हातात दुधाचा पेला आहे त्याच्याविरुद्ध आयांना कसं भडकवायचं? पुढं १९७५ साली अमेरिकन सरकारनं स्वतःची शाळेतल्या न्याहारीची योजना कायम केली. ती पँथरांमुळंच झाली असं मी म्हणत नाही, पण त्यांनी लाज आणली एवढं नक्की.

फादर नीलचं म्हणणं वाचा. १९७१ मध्ये त्यांनी पँथरच्या पेपरात लिहिलं, त्याचा मतलब असा की पँथरनी काही वेगळं केलं नाही, जे काम चर्चनं आधीच करायला पाहिजे होतं तेच त्यांनी सुरू केलं. स्वतःच्या धर्माविषयी असं लिहायला छाती लागते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सॅन क्वेंटिन तुरुंगात जॉर्ज जॅक्सनला गोळी घातली, त्याची अंत्ययात्रा याच चर्चमधून निघाली. बाहेर हजारोंची गर्दी. फादरांना पोलिसांची भीती नसेल का? असेल. दार उघडं ठेवलं.

आणि पोरांचं काय? सुरुवातीला पँथरांनी धर्म, उपदेशक, सगळ्यांना लाथाडलं होतं, आपल्यासारखंच. मे १९७१ मध्ये न्यूटननं बर्कलीला ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्थेत भाषण केलं आणि चूक कबूल केली. आपण चर्चमधून बाहेर पडलो, पण आपले लोक चर्चमध्येच होते. म्हणजे आपण लोकांतूनच बाहेर पडलो, एकटे पडलो. त्यानं देवाची माफी मागितली नाही. लोकांपासून तुटल्याची चूक मान्य केली. त्याचा हा कबुलीजबाब माझ्या मते बंदुकीच्या फोटोपेक्षा मोठा आहे.

आता तुमच्यातला कुणीतरी उठून म्हणेल, चर्चची फार आरती चाललीय. बरोबर आहे, आरती नको. तमिळनाडूत दलित ख्रिश्चनांच्या कबरींपुढं भिंत आहे, मेल्यावरसुद्धा जात जात नाही. आणि १९५० च्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्या दलिताच्या सवलती काढल्या. शिखांना त्या १९५६ ला मिळाल्या, आपल्याला १९९० ला, ख्रिस्ती दलित अजून दारातच उभा आहे. बाबासाहेबांनी १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढं तोंडावर सांगितलं होतं की तुम्ही सामाजिक अन्यायाविरुद्ध लढला नाहीत. हे सगळं खरं. पण तोच माणूस आपल्याला काय विचारून गेला? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची प्रस्तावना काढा. भिक्खू कशासाठी, स्वतः परिपूर्ण होण्यासाठी की लोकांची सेवा करण्यासाठी, हा सवाल त्यांनी तिथं टाकलाय. १९५० च्या एका लेखात तर ख्रिस्ती मिशनऱ्यांची सेवा दाखवून आपल्या भिक्खूंना टोचलंय. आपण ते पान उलटून पुढं गेलो.

रविवारी आमच्या विहारात कोण असतं? पांढऱ्या लुगड्यातल्या अकरा-बारा म्हाताऱ्या. माझी आजी त्यातली. आम्ही क्रांतिकारक बाहेर कट्ट्यावर सिगारेट ओढत ‘कर्मकांड, कर्मकांड’ करतो. आजीला मी त्या परभणीच्या बाईची गोष्ट उशिरा सांगितली. ती म्हणाली, “मला उठवायचं व्हतंस. म्या उघडलं असतं.” बास. पुढं दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

ती बाई पुन्हा दिसली नाही. चर्चच्या वहीत तिचं नाव असेल, मी विचारलं नाही.

तर आता कामाचं. रेल्वेच्या भिंतीला पुन्हा पालं पडलीत, यंदा जास्तच. आईबाप सहाला नाक्यावर जातात, पोरं तशीच शाळेत, नाहीतर भटकत. कमिटीत ठराव टाकला, विहारात सकाळी न्याहारी. चार विरुद्ध तीन असा झाला. तिघांचं म्हणणं, मूर्तीपुढं खरकटं नको आणि परप्रांतीयांना सवय लागेल. त्यातले दोघे माझे मित्र आहेत, ते इथं बसलेत, त्यांच्याशी मी बाहेर भांडणार आहे. पावसाळ्यात रात्री दार उघडं ठेवायचं हा दुसरा ठराव पडला. तो मी पुन्हा टाकणार.

येत्या सोमवारपासून, पहाटे साडेपाच. कांदेपोहे आणि दूध. अंदाज तीस पोरांचा, अकरा आली तरी चालेल. मोठं पातेलं फादरांनी दिलंय, ते परत करायचं आहे, चेचलं तर आपली अब्रू जाईल. आजी आणि तिच्या दोघी मैत्रिणी कांदे चिरणार, पण दूध आणायला आणि पातेलं घासायला पोरं पाहिजेत. माझी पहिली पाळी असते त्या दिवशी मी नसणार. शेगडी एकच आहे. कुणाच्या घरी दुसरी पडून असेल तर रविवारी रात्री आणून द्या. किल्ली आता खिळ्याला टांगलीय, दाराच्या आत डाव्या हाताला. खिडकीतून हात घातला की पोचतो.